उभा आकडा, आडवा आकडा

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
विंधन विहीर गणकयंत्र कक्ष,
औरंगाबाद.

अर्जदार : साहेबराव कडूबा हिवाळे, प्राथमिक शिक्षक, मौजे उंबरटाकळी, ता. जाफराबाद.

विषय : आमचे गाव समुद्रातून काढून जाग्यावर ठेवणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. २ मे १९७७ ("सदर ठिकाणी मनुष्यवस्ती नाही").

महोदय,

१) हातपंपासाठी गावाची जागा कळविण्याचा छापील फॉर्म दोन वर्षांमागे मीच भरला. त्यात 'उभा आकडा' व 'आडवा आकडा' असे दोन रकाने होते. नकाशावर रेखांशाच्या रेघा उभ्या असतात, हे मी चौथीला शिकवितो. शिवाय आमच्याकडे शेतात वखराची पाळीसुद्धा आधी उभी, मग आडवी. म्हणून 'उभा' खाली रेखांश ७६ व 'आडवा' खाली अक्षांश २० लिहिला. आपल्या यंत्राला 'उभा' म्हणजे उत्तरेकडचे अंतर हवे होते, हे मला कोणी सांगितले नाही.

२) जालन्याच्या हायस्कुलात मोठा नकाशा पाहिला. उत्तर ७६, पूर्व २० येथे बर्फाचा समुद्र आहे. तेथे पंप बसवायला कोण जाईल? आकडे दुरुस्तीचे चार अर्ज केले, यंत्राने चारदा तेच उत्तर दिले. सरपंच अण्णासाहेब म्हणतात, "गुरुजी, चांगलंच गाव बुडवून राह्यले तुम्ही." लोक हसतात. मला हसू येत नाही.

३) आमच्या बारवेच्या पाण्यात नारू आहे. माझी पत्नी चतुराबाई हिच्या पायातून गेल्या वैशाखात जंत निघत होता. तशा पायाने घागर घेऊन पायऱ्या उतरताना ती घसरली व बुडाली. तेव्हापासून बारवेत डोकावले की मला पाणी दिसत नाही, पांढरा बर्फ दिसतो, आणि त्याखालून कोणीतरी घागर आपटते. तातेराव वैद्य याला भ्रम म्हणतात. असेलही. पण आवाज बराबर येतो, आणि फॉर्मवरचे अक्षर माझे आहे.

४) सबब मला हवी ती शिक्षा द्यावी, नोकरीही घ्यावी. आकडे तेवढे जागच्या जागी लावावेत : उत्तर २०, पूर्व ७६. पाणी आता माझी मुलगी शिवकन्या आणते. मी जातो म्हटले तर ऐकत नाही, कारण काठावर गेलो की माझे पाय हलत नाहीत, हे तिला माहीत आहे. परवा तिच्या डाव्या घोट्यावर फोड आला. जंत गुंडाळायला तिने काडी सोलून ठेवली आहे.

आपला नम्र व चुकीचा धनी,
सा. क. हिवाळे
दि. १७ मे १९७७

सोबत : १) भरलेल्या फॉर्मची नक्कल. २) चतुराबाईचा मृत्युदाखला.