एक जास्तीचं ‘अप’

प्रिय ताई, धाकटीचा नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. पण इथे परदेशी हॉस्पिटलात या इंग्रजीनं डोकं फिरवलंय!

वॉर्डातली मैत्रीण आजारी पडली, म्हणून तिचं काम मी सांभाळलं. मोठ्या सिस्टरनी विचारलं, तर ऐटीत इंग्रजीत म्हणाले, "मी तिला कव्हर अप केलं." नुसतं ‘कव्हर’ म्हणजे तिच्या जागी काम केलं, ‘अप’ जोडलं की तिची लबाडी लपवली! झालं, लगेच तिची चौकशी.

सिस्टरना माझी चूक कळली, त्या हसल्यासुद्धा. मैत्रीण मात्र बोलत नाही. आणि तिची समजूत काढायची तीही इंग्रजीतच! तोंड उघडायचीच भीती वाटते गं.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

तुझी बडबडी,
हल्ली गप्प असते.