लेन तीन आणि लेन चारच्या वेळा उलट नोंदल्या गेल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा शालेय क्रीडा निवड समिती,
सिल्वासा, दादरा नगर हवेली.

विषय : दि. ८ जानेवारी २०२५ च्या शंभर मीटर धावणे (मुली, चौदा वर्षांखालील) निवड चाचणीत माझ्या चुकीमुळे दोन मुलींच्या वेळांची अदलाबदल झाल्याबाबत.

संदर्भ : १) समितीची दि. १० जानेवारीची निवड यादी.
२) माझे दि. २ जानेवारीचे पत्र, ज्यात वेळ मोजण्याची यंत्रणा "शंभर टक्के खात्रीची" असल्याचे मी लिहून दिले होते.

महोदय,

या अर्जात नमूद केलेली चूक मला दि. २७ जानेवारी रोजी कळली. आज १८ फेब्रुवारी आहे. मधले बावीस दिवस मी गप्प राहिलो, हे सर्वप्रथम नोंदवतो. कारण पुढे येईलच, पण त्याला सबब समजू नये.

मी नवप्रभात माध्यमिक विद्यालय (मराठी माध्यम), डोकमर्डी येथे अकरा वर्षांपासून संगणक शिक्षक आहे. समितीकडून आमच्या शाळेला धावण्याची वेळ मोजणारी दोन यंत्रे मिळाली. अंतिम रेषेवर लेन तीन आणि लेन चारला एकेक यंत्र उभे करायचे, मुलगी त्यासमोरून गेली की तिची वेळ वायरीतून लॅपटॉपवर येते. त्याचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालणारे आहे आणि शाळेच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. "हे फक्त विंडोजवर चालेल" असे माहितीपत्रकात स्पष्ट छापलेले असताना मी ते 'वाइन' नावाच्या प्रोग्रामच्या मदतीने लिनक्सवर चालवून दाखवले. याचा मला अभिमान वाटला होता. शिक्षक-खोलीत मी त्याचे प्रात्यक्षिकही केले होते.

त्यातली मेख अशी. सॉफ्टवेअर लेन तीनची वेळ 'कॉम एक' या नावाच्या जोडणीवर शोधते आणि लेन चारची 'कॉम दोन' वर. लिनक्सला ही नावे माहीत नसतात. तो यूएसबी वायरींना ज्या क्रमाने त्या सापडतील त्या क्रमाने नंबर देतो, पहिली ती शून्य, दुसरी ती एक. मी 'कॉम एक' म्हणजे शून्य नंबर आणि 'कॉम दोन' म्हणजे एक नंबर अशी गाठ घालून दिली होती. दोन्ही वायरी एकाच बनावटीच्या, त्यामुळे क्रमाशिवाय त्यांना वेगळे ओळखण्याचे साधन त्या गाठीत नव्हते. वायरी निघाल्या आणि परत लावताना क्रम बदलला, तर तीनची वेळ चारच्या खाली आणि चारची तीनच्या खाली दिसणार, आणि पडद्यावर सर्व काही ठीक असल्याचा हिरवा दिवाही लागणार. हे मला तेव्हाही कळायला हवे होते, कारण मुलांना शिकवतो तो विषय हाच आहे.

चाचणीच्या दिवशी चौदा मुली, दोघी-दोघी करून सात जोड्यांत धावणार होत्या. चार जोड्या झाल्यावर ऊन लॅपटॉपवर येऊ लागले म्हणून मी टेबल सावलीत ओढले. त्यात माझा पाय अडकून दोन्ही वायरी निघाल्या. मी त्या घाईने परत लावल्या, सॉफ्टवेअर बंद करून चालू केले, हिरवे दिवे पाहिले आणि "चालू करा" म्हणालो. प्रत्येक लेनमध्ये एकदा हात धरून कोणता आकडा हलतो ते पाहायला अर्धे मिनिट पुरले असते. क्रीडा शिक्षिका श्रीमती दुर्गा गावित तोपर्यंत यंत्राच्या जोडीला हातातले घड्याळही लावत होत्या. "मॅडम, आता त्याची गरज नाही," असे म्हणून मी ते त्यांना खिशात ठेवायला लावले.

पाचव्या जोडीत लेन तीनमध्ये किलवणीची कु. सोनी काळू भोया होती. लेन चारमध्ये कु. केतकी अनंत तळेकर होती. केतकी माझी मुलगी आहे.

पडद्यावर केतकीची वेळ १३.४६ सेकंद आली आणि सोनीची १३.५७. सोनी धापा टाकत माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, मी पुढे होती."

मी म्हणालो, "धावताना तसं वाटतं. हे मशीन सेकंदाचा शंभरावा भाग मोजतं."

ती परत म्हणाली, "केतकी माझ्या मागे होती, सर."

माझी मुलगी समोर उभी होती, बाकीचे शिक्षक ऐकत होते, आणि आपण पक्षपात करतो असे कोणी म्हणेल या धास्तीने मी नको इतका कडक झालो. "मोजणाऱ्यांवर संशय घेतेस? सगळ्यांसमोर माफी माग," असे मी तिला म्हणालो. तिने दुर्गा मॅडमकडे पाहिले. मग तेरा मुली आणि चार शिक्षकांसमोर ती म्हणाली, "माफ करा सर, मला चुकीचं दिसलं."

दमणच्या क्रीडा वसतिगृहासाठी चार मुली निवडायच्या होत्या. यादीत चौथा, म्हणजे शेवटचा क्रमांक केतकीला मिळाला. पाचवा सोनीला. दि. २० जानेवारी रोजी केतकी वसतिगृहात दाखल झाली.

२७ जानेवारीला शाळेच्या स्पर्धेसाठी यंत्रे पुन्हा जोडली, तेव्हा लेन तीनसमोर हात धरला आणि चारचा आकडा हलला. कोणत्या खाचेतली वायर कधी निघाली आणि कधी लागली याची नोंद लॅपटॉप स्वतः ठेवतो. ती काढली. ८ जानेवारीला सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी दोन्ही वायरी निघाल्या आणि परत लावताना लेन चारच्या खाचेतली आधी लागली. पाचवी जोडी त्यानंतर सहा मिनिटांनी धावली. शंकेला जागा राहिली नाही. मी नोंद छापली, घडी करून पाकिटात ठेवली आणि कोणालाही सांगितले नाही, घरीही नाही. मुलगी तिथे रुळली आहे, सोनीला पुढच्या वर्षी संधी मिळेल, असे मनाशी म्हणत राहिलो.

वसतिगृहातून मुलींना शनिवारी फोन करू देतात. १५ फेब्रुवारीला केतकी फोनवर म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी सोनीच पुढे होती. शेवटपर्यंत मला तिची पाठ दिसत होती."

मी विचारले, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "तुम्ही तिला माफी मागायला लावलीत. मग मी कशी बोलणार?"

माझी तेरा वर्षांची मुलगी पाच आठवडे हे एकटीने वागवत होती, आणि त्यातले जवळजवळ तीन आठवडे तिच्या बापाच्या पाकिटात पुरावा होता. मी तिला तेव्हा फोनवर सर्व सांगितले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी किलवणीला गेलो. सोनीची आई श्रीमती चिमाबाई गलोंड्याच्या एका धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, त्यांची सुट्टी होती. अंगणात उभ्या उभ्या मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मला काय सांगता, सर? पोरीला सांगा."

सोनीला बोलावले. मी म्हणालो, "त्या दिवशी तू पुढे होतीस. वायरी मी उलट लावल्या. चूक माझी होती आणि माफी मी तुझ्याकडून मागून घेतली. मला माफ कर."

तिने विचारले, "म्हंजे मला बरोबर दिसलेलं?"

"हो," मी म्हणालो.

चिमाबाई म्हणाल्या, "त्या दिवसापासून पोर ठामपणे काही सांगत नाही. बस आली का विचारलं तर बोलते, 'आली, वाटते तरी.'" सोनी मैदानावर येत नाही हे दुर्गा मॅडमनी मला पूर्वीच सांगितले होते. मी ते अभ्यासामुळे असेल म्हणून सोडून दिले होते.

निघताना चिमाबाईंनी मला थांबवले. "तुमची पोरगी पण लहान आहे. तिला कोणी चोर बोलायला नको," असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे मी समितीपुढे जसेच्या तसे ठेवत आहे.

तरी विनंती अशी की, पाचव्या जोडीच्या वेळा दुरुस्त करून सोनी भोया हिची वेळ १३.४६ नोंदवावी व चौथ्या क्रमांकावर तिची निवड जाहीर करावी. वसतिगृहाची यादी २८ फेब्रुवारीला कायम होते, त्यामुळे त्यापूर्वी निर्णय व्हावा. सहाव्या व सातव्या जोडीच्या वेळाही उलट आहेत. त्या चौघींपैकी कोणी निवडीच्या जवळपास नव्हती, तरी खोटी वेळ त्यांच्याही नावावर राहू नये. जाहीर करताना चूक संगणक शिक्षकाची होती व केतकीचा त्यात हात नव्हता, एवढे वाक्य यादीखाली छापावे. त्याच मैदानावर, त्याच मुली व शिक्षकांसमोर, सोनीची माफी मागण्याची मला परवानगी द्यावी. माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती करावी, त्याबाबत माझी काही विनंती नाही.

यंत्रणेपुरते सांगायचे तर, लॅपटॉपच्या ज्या खाचेत वायर लावली आहे त्या खाचेवरून लेन ओळखली जाईल अशी गाठ मी आता घालून दिली आहे. क्रम बदलला तरी लेन बदलत नाही. याला दहा मिनिटे लागली. तरीही पुढील चाचण्यांत हातातले घड्याळ बंद करू नये, असे मी सुचवतो.

केतकी काल सामानासह घरी आली. तिला परत बोलावण्याचे मी ठरवले नव्हते. वसतिगृहाच्या बाईंना तिनेच सांगितले आणि मला न्यायला बोलावले. घरी आल्यावर तिने समितीला उद्देशून एक पत्र लिहायला घेतले. मजकुराला मदत करू का, असे मी विचारले. ती "नको" म्हणाली.

आपला नम्र व दोषी,

(सही)
अनंत भिकाजी तळेकर
संगणक शिक्षक
डोकमर्डी, सिल्वासा
दि. १८ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) वायरी निघाल्या-लागल्याची लॅपटॉपमधील नोंद, दि. ८ जानेवारी, छापील प्रत.
२) सातही जोड्यांच्या दुरुस्त वेळांचा तक्ता, श्रीमती दुर्गा गावित यांच्या सहीसह.
३) कु. केतकी तळेकर हिचे पत्र. पाकीट तिनेच चिकटवून दिले आहे. मी ते वाचलेले नाही.