काशीगावच्या लग्नाचे रीळ

मी, राजश्री सहादेव भोईर, वय शेहेचाळीस, अविवाहित, नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, राहणार मीरा रोड पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप तेवढी शाबूत नाही. तिची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे, आणि "घाबरण्यासारखे काही नाही" असे डॉक्टरांनी इतक्या वेळा सांगितले की मी लिहायला बसले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आई स्वयंपाकघरातून "काय लिवतंस गो एवडं?" असे विचारते आहे, पण त्याला दबाव म्हणता येणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर माझ्या कमाईचे आहे. आई, श्रीमती तुळसाबाई सहादेव भोईर, हयात असेपर्यंत ते तिच्या वापरात राहील. तिला इथून काशीगावला किंवा आणखी कुठे हलवण्याचा अधिकार कोणालाही नाही, अगदी प्रेमापोटीसुद्धा. तिच्यानंतर घर माझी भाची दिव्या हिचे.

धाकट्या भावाला, गणेशला, घरात वाटा ठेवलेला नाही. काशीगावची जमीन विकायची ठरली तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची होती. मी केली. जबरदस्ती झाली नाही. पण सगळ्यांचा चहा झाला होता, माझा कप यायचा होता, आणि त्याआधीच कागद पुढे आला. "ताई, तू तर शिकलेली आहेस, तुला काय वाचून दाखवायचं," असे गणेश म्हणाला. ते खरे होते, म्हणून जास्त लागले. हे कलम रागातून लिहिले आहे का, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारले. थोडेसे आहे. तरी कलम तसेच राहील.

कलम २. बँकेतील ठेव आणि भविष्य निर्वाह निधी यांतून आधी आईचे औषधपाणी आणि नंतर कलम ५ मधील काम करावे. उरेल ते दिव्याचे.

कलम ३. मोठा टीव्ही आणि डिस्क लावायचा प्लेअर आई आहे तोवर इथेच राहील, नंतर गणेशला द्यावा. तो दर भाऊबीजेला जेवून झाले की रिमोट घेतो आणि चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग चालू करतो. मग जुन्या सिनेमातली माणसे दुपारच्या मालिकेतल्यासारखी सरकत चालतात. "बघ ना ताई, एकदम मक्खन!" मी सेटिंग बंद करते, मी भांडी आवरायला गेले की तो पुन्हा चालू करतो. ती सेटिंग कायम बंद ठेवावी अशी अट मी इथे घातली होती. ती खोडली आहे. त्याच्या घरी त्याने हवे तेवढे मक्खन खावे.

जमिनीवरचा मोठा स्पीकर खालच्या मजल्यावरच्या मेहताभाईंना द्यावा. "बेन, आपके पिक्चर में घोडा दौडता है, मेरे घर में पंखा हिलता है," असे ते लिफ्टमध्ये म्हणाले होते, तेही हसून. तो त्यांनी वापरावा किंवा माळ्यावर टाकावा. पंखा तरी हलणार नाही.

कलम ४. जुन्या चित्रपटांच्या सर्व डिस्का आणि माझ्या रोजनिशीच्या वह्या मैत्रीण स्वाती कांबळे हिला. ती माझ्याच ग्रंथालयात काम करते, आणि या मृत्युपत्राची व्यवस्थाही तीच पाहील. वह्यांमध्ये गुप्त काही नाही. बहुतेक पाने अमुक डिस्कमध्ये चेहरे मेणाचे दिसतात, तमुक डिस्कमध्ये रात्र निळी केली आहे, या तक्रारींची आहेत. "तू पिक्चर बघतेस की पिक्चरची झडती घेतेस?" असे स्वाती विचारते. दोन्ही करते, असे मी म्हणत आले. आता तिने नुसते बघावे.

कलम ५. हे कलम मी पुष्कळदा लिहिले आणि फाडले.

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात पत्र्याचा एक गोल डबा आहे. त्यावर "काशीगाव" अशी चिठ्ठी आहे. आत एका जुन्या कृष्णधवल मराठी चित्रपटाचे एक रीळ आहे. चित्रपट चालला नव्हता, त्याचे नाव इथे लिहून उपयोग नाही. रीळ मी भाईंदर पूर्वेच्या बाबाजी गावंड यांच्याकडून घेतले. ते पूर्वी जत्रांमध्ये तंबू लावून सिनेमे दाखवत.

त्या रिळात माझ्या आईवडिलांचे लग्न आहे. खरे लग्न. चित्रीकरणवाल्यांना लग्नाची गर्दी हवी होती आणि काशीगावात ती आयती मिळाली. एवढा मोठा कॅमेरा दारात आलेला पाहून आजोबांनी ठरवलेल्या फोटोवाल्याला परत पाठवून दिले, की आता तुझे काय काम. त्यामुळे या लग्नाचा एकही फोटो नाही. आहे ते एवढेच: नायक गर्दीतून वाट काढत पुढे येतो आणि त्याच्या खांद्यामागे मुंडावळ्या बांधलेले बाबा, मान खाली घातलेली आई, आणि बाजूला धवलारीण. आमच्याकडे लग्न तीच लावते, धवले गाऊन.

बाबा गेल्यानंतर या चित्रपटाची हाय डेफिनिशन डिस्क निघाली. मी ती लगेच आणली आणि आईला समोर बसवले. चित्र लख्ख होते. बाबांच्या सदऱ्याची शिवण दिसत होती. आई बघत राहिली, मग म्हणाली, "अक्षता कुठं हायेत?"

"असतील गं. चष्मा लाव."

"लावलाय. बग ना, सगली हात वर करतान, टाकीत कोनी न्हाय."

चष्म्याचा दोष नव्हता. मी ते दृश्य मागेपुढे करून पाहिले. हात उठत होते, मुठी उघडत होत्या, आणि मुठींतून काहीच पडत नव्हते.

कारण समजायला सोपे आहे. फिल्मवर पडलेली धूळ एका चौकटीत, म्हणजे एका फ्रेममध्ये, पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते आणि पुढच्या चौकटीत ती तिथे नसते. हवेतून पडणारा तांदूळही तसाच दिसतो. चित्र साफ करणाऱ्या संगणकाने एकाच चौकटीत दिसलेला प्रत्येक ठिपका कचरा ठरवून पुसून टाकला. आवाजातली खरखर काढताना धवलारणीचा आवाजही सोलून निघाला. ती विहिरीच्या तळातून गात असावी तशी ऐकू येते. मी डिस्क काढणाऱ्या कंपनीला लिहिले. सूचनेची नोंद घेतली आहे, परंतु नवी आवृत्ती काढणे शक्य नाही, असे सभ्य उत्तर आले.

"अक्षता न्हाय पडल्या तं लगीन लागलं कसं माजं?" आई त्या दिवशी हसून म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाली तेव्हा हसली नाही.

बाबाजींच्या रिळात सगळे आहे. खरखर आहे आणि खरखरीतून स्पष्ट येणारा धवलारणीचा आवाज आहे. अक्षता आहेत, अगदी पावसासारख्या. पण तंबूतल्या यंत्रातून वर्षानुवर्षे फिरून रिळावर एक उभी रेघ पडली आहे, आणि त्या सबंध दृश्यात ती नेमकी बाबांच्या चेहऱ्यावरून जाते. शिवाय रीळ आंबते आहे. कपाट उघडले की वास येतो. आईला आधी लोणचे नासले असे वाटले होते. फिल्म स्कॅन करणारे कौस्तुभ राणे म्हणाले की फार थांबलात तर रीळ आकसेल, आणि मग यंत्रातून जाणार नाही.

मी नसताना हे रीळ गणेशच्या हाती आले, तर तो वासामुळेच ते कचऱ्यात देईल. तो दुष्ट नाही. त्याच्याकडे डिस्क आहे, आणि डिस्कमध्ये बाबा लख्ख दिसतात. म्हणून लिहिते: हे रीळ आईचे. ते विनाविलंब स्कॅन करून घ्यावे.

यापुढे मी असे वाक्य लिहिले होते: "स्कॅन करताना काहीही साफ करू नये." जुना सिनेमा जसा आहे तसा ठेवावा, हे माझे मत पक्के आहे आणि त्यावर मी वह्या भरल्या आहेत. पण ज्याचे आहे त्याला वाचून दाखवावे, म्हणून हे वाक्य आईला वाचून दाखवले.

"म्हंजे रेघ तशीच ऱ्हानार?"

"तशीच. रेघ काढायला गेलं की तेच यंत्र अक्षता खातं."

"मंग यंत्राला सांग, बगून खा."

"आई, ते बघत नाही."

"तू बगतंस ना? मना त्याचं तोंड बगायचंय. रेघ कशाला बगू मी?"

त्या दृश्याचा हक्क कंपनीचा आहे. रिळाचा डबा आणि आतली फिल्म मी विकत घेतली आहे. पण लग्न आईचे आहे. माझे तत्त्व या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. मी ते वाक्य खोडले आणि कौस्तुभना विचारले. ते म्हणाले, यंत्राला न सोडता हाताने करता येईल, एकेक चौकट घेऊन. रेघ काढायची, ठिपके ठेवायचे. पण रेघेवर आणि तिच्या आजूबाजूला जे ठिपके आहेत, त्यांतला तांदूळ कोणता आणि धूळ कोणती, हे कोणीतरी सांगायला हवे. "मॅडम, मी तर त्या लग्नाला नव्हतो."

म्हणून त्यांनी नमुन्याला थोडा तुकडा स्कॅन करून दिला. तो आम्ही घरच्या टीव्हीवर लावला. रिमोट स्वातीच्या हाती होता, ती एकेक चौकट पुढे नेत होती. आई टीव्हीच्या अगदी जवळ स्टूल घेऊन बसली आणि काचेला बोट लावू लागली.

"ह्यो तांदूल. ह्यो बी. ह्यो न्हाय, कचरा हाय. ह्यो माज्या मावशीनं टाकलेला, ती जोरात टाकायची, मेली."

"काकू, हे कसं कळलं तुम्हाला?" स्वातीने विचारले.

"लागला होता ना मना."

मग एक ठिपका आला, बाबांच्या गालाजवळ, रेघेला चिकटून. आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. स्वाती थांबली. मी तज्ज्ञासारखे काहीतरी सांगणार होते, की कडा बघ, धुळीची कडा टोकदार असते. त्याआधीच आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कोनी टाकला आसंल."

तेव्हा माझी अंतिम सूचना अशी. बाबांच्या चेहऱ्यावरची रेघ काढावी. खरखर आहे तशी ठेवावी. तांदूळ कोणता आणि धूळ कोणती, याचा निर्णय आई करील. तो स्वातीवर, कौस्तुभ यांच्यावर आणि मी वाचले तर माझ्यावरही बंधनकारक राहील. आई निर्णय करू शकली नाही, किंवा तिलाही सांगता आले नाही, तर संशय असलेला प्रत्येक ठिपका तांदूळ समजावा.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि समजून सही केली. खोडलेल्या दोन्ही जागी माझी आद्याक्षरे आहेत.

ठिकाण: मीरा रोड पूर्व, जि. ठाणे
दिनांक: ९ ऑगस्ट २०२५

(सही) राजश्री सहादेव भोईर

राजश्री भोईर यांनी आमच्या दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर साक्षीच्या सह्या केल्या. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळत नाही.

१. (सही) डॉ. संचिता वर्तक, मीरा रोड
२. (सही) जितेश घरत, भाईंदर पूर्व