हवेतून येणारं चित्र

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, कोर्टातून निवृत्त झालेली टंकलेखिका, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. शरीर थकलं आहे, डोकं शाबूत आहे. कोणाची बळजबरी नाही. करायला घरात कोणी उरलेलंही नाही.

१. राहतं घर व बँकेतली ठेव माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावी. मला मूल नाही. तिने ती उणीव भासू दिली नाही.

२. टाइपरायटर कोणालाही न देता मोडीत घालावा. त्यावर मी फार संसार मोडल्याचे निकाल टाइप केले.

३. माझ्या धाकट्या दिरांचा या घरात वाटा नाही. ते केबलचा धंदा करत. माझ्या पतींना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. दिवसभर टीव्ही हीच त्यांना सोबत. त्याच दिवसांत दिरांनी घराची वाटणी मागितली. मी नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी आमची केबल बंद. फोन केला तर म्हणाले, “वहिनी, फुकटचं किती दिवस बघणार?” फोन स्पीकरवर होता. ह्यांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

४. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स व गच्चीवरचा अँटेना भाचीचा. ते तिनेच उभं केलं. मोफत वाहिन्या प्रसारणाच्या मनोऱ्यावरून हवेतून येतात, भाडं लागत नाही, हे मला तिच्याकडून कळलं. दुकानदार सगळ्यांत महागडा अँटेना गळ्यात मारत होता. ती म्हणाली, “मावशी, आधी मनोरा कुठल्या दिशेला आणि किती लांब ते बघू.” खिडकीतला छोटा अँटेना चालेना, समोर उंच इमारत. म्हणून गच्चीवर. टीव्ही जुना, म्हणून इथलं डिजिटल प्रसारण पकडणारा बॉक्स वेगळा घेतला.

ती वर अँटेना फिरवत होती, मी खिडकीत. “आलं का गं, मावशी?” ती वरून विचारायची. पडद्यावर नुसते थिजलेले चौकोन. तिने आणखी जरासा वळवला, आणि पलंगावरून आवाज आला, “आलं.”

आजारपणातला ह्यांचा तो एकच शब्द. पडद्यावर काय आलं ते मी पाहिलंच नाही.

उन्हाळ्यात हे गेले. टीव्ही चालूच होता. मला तो बंद करवेना.

५. दिरांचा धंदा बसला, जाऊबाई गेल्या, मुलं दूर. भाचीने माझ्या ठेवीतून त्यांच्या गच्चीवर अँटेना बसवून द्यावा. त्यांचा टीव्ही नवा आहे, आतच प्रसारण पकडायची सोय असेल. बॉक्स घेण्याआधी तपासावं. ते नको म्हणतील. तरी बसवावा, वाहिन्या लावून द्याव्यात, उणंदुणं न काढता परत यावं. यास क्षमा समजू नये. रिकाम्या घरात दिवेलागणीला कोणाचा तरी आवाज लागतो, एवढंच.

सही (लिहून ठेवणार)

आमच्या डोळ्यांदेखत वाचून सही केली :
१. तळमजल्यावरचे घड्याळवाले काका
२. औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई

ठिकाण : राहतं घर
दिनांक : ९ फेब्रुवारी