तुम्ही सोडलेले आठ फूट

बाबा, दुकानापुढे तुम्ही सोडलेले आठ फूट रस्त्यात गेले. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारी आता मीच उरले आहे.

तुम्ही गवंडी. या बाजाररस्त्यावरच्या निम्म्या दुकानांचे पाये तुम्हीच आखलेत. प्रत्येक मालकाला सांगायचात, बाजारपेठेत बांधताय तर गटारापासून आठ फूट सामासिक अंतर मोकळं ठेवा, तसा नियम आहे. मालक मान डोलवायचे आणि तुम्ही जेवायला घरी आलात की खुंट्या उपटून दोरी थेट गटाराच्या काठाला नेऊन बांधायचे. परत गेल्यावर तुम्ही एकदा बोलायचात, मग निमूटपणे त्या दोरीवर विटा लावायचात. आपलं दुकान बांधलंत तेव्हा मात्र दोरी हलवणारं कुणी नव्हतं. मी तेव्हा नुकती शिवण शिकायला जात होते आणि मला तुमचा भयंकर राग आला होता. दोन्ही बाजूची दुकानं पुढे आलेली, आपलं मधेच दबून बसलेलं. चुन्याची फक्की टाकून तुम्ही हात झटकत उभे आहात, आई चहा घेऊन आली आहे, आणि मी सगळ्यांसमोर बोलते, “लोक हासून राह्यले, बाबा. काऊन सोडता एवढी जागा?” तुम्ही चहा संपवता आणि मग म्हणता, “उद्या रस्ता मोठा झाला त कोनाची भिंत पाडा नाही लागली पाह्यजे. तू कापड कापतं तवा काठाले माया सोडतं का नाही? मंग.”

त्या आठ फुटांत तुम्ही बसायला ओटा घातलात आणि दाराजवळ रांजण ठेवलात. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बाया गाठोडी टेकवून तिथे बसायच्या, मोताळ्याकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघायच्या, घोटभर पाणी प्यायच्या. शेजारचे दुकानदार आपल्या दारात कुणाला उभं राहू देत नसत; त्यांची गिऱ्हाइकंसुद्धा आपल्याच सावलीत येऊन थांबायची. पुढे मी त्याच दारात मशीन मांडली, कारण उजेड तिथे छान येई.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायला काढला. सगळ्यांच्या भिंतींवर लाल फुल्या पडल्या. लोक पुढाऱ्यांकडे धावले, कोर्टातून स्थगिती आणली, आणि एकाही भिंतीची वीट हलली नाही. आपली मात्र पाडायला भिंतच नव्हती. सकाळी जेसीबी आला आणि चहा उकळेपर्यंत तुमचा ओटा उखडून गेला. रांजण उचलायला मी धावत गेले, पण तोवर त्याचा काठ फुटला होता. आता रस्त्याला फक्त आपल्यासमोर पोट सुटलंय, बाकी सगळा तो पूर्वीसारखाच अरुंद आहे. त्या पोटात दिवसभर काळीपिवळी जीप उभी असते आणि माझ्या दारात अंधार.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला लिहिलंही नसतं. पावसाळ्यात स्लॅबचा एक पोपडा मशीनवर पडला, म्हणून दुकान पाडून नव्याने बांधायची परवानगी मागितली. नगरपंचायतीतला साहेब नकाशावर बोट ठेवून सांगतो की अंतर नव्या रस्त्याच्या कडेपासून मोजायचं, म्हणजे पुन्हा आठ फूट सोडा. बाबा, मागे नाला आहे. पुन्हा आठ फूट सोडले तर आत एक मशीन मावेल. माझ्याकडे दोघी जणी शिवतात, एक नवऱ्याने टाकलेली, दुसरीच्या घरात ती एकटीच कमावती. दोघींना घरी बसवावं लागेल. मी विचारलं, आधी दिले ते आठ फूट कुठे गेले? तो म्हणाला, “ते त मोकळंच होतं ना, मॅडम.” जणू रस्त्यावर पडलेली वस्तू कुणी उचलली. नियम पाळला त्याची जागा गेली, मोडला त्यांची दुकानं शाबूत, आणि आता नियम पुन्हा मलाच शिकवणार. मी उठले तसा तो मागून बोलला, “तुमच्या वडलानं तवाच पुढं बांधलं असतं त आज भांडाले भिंत त असती.”

त्या वाक्यासाठी मी त्याला कधी माफ करणार नाही. पण घरी येताना आठवलं की असंच वाक्य त्याच्याआधी मीच तुम्हाला ऐकवलं होतं. शेवटच्या आजारात तुम्ही अंथरुणाला खिळला होतात, मी दुकानाच्या अडचणीने वैतागले होते. तुमच्या त्या मोकळ्या जागेपायी आमचं दुकान खुराड्याएवढं राहिलं, असं म्हणाले. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. त्यावर आपण कधी बोललो नाही.

शेवटी साहेबाचाच नकाशा मान्य करून जुनं दुकान पाडलं, आणि काल आखणी झाली. गवंडी तुमच्याच हाताखाली शिकलेला, आता म्हातारा झालाय. नकाशाप्रमाणे त्याने दोरी बांधली आणि थोडा वेळ मागे सरकून बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, हातभर पुढं घेऊ का? दुसरी मशीन मावते. कोन येते मोजाले?” त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणाले, “घ्या मंग.”

हे पत्र मशीनच्या खणात ठेवते, रिळांखाली. फक्की अजून ताजी आहे, सकाळी पाया खणतील. दोरी मागे न्यायला मला कुणी अडवलेलं नाही, पण मी ती नेणार नाही. त्या हातभर जागेत तुमचा रांजण बरोबर बसला असता.