आलेलुया वर काढण्यासाठी एक फरशी उचलण्याबाबत

प्रति,
माननीय मालमत्ता अधिकारी,
धर्मप्रांतीय शिक्षण मंडळ,
चर्चच्या मागची इमारत, पहिला मजला.

अर्जदार: वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी
दिनांक: पवित्र सप्ताहातील बुधवार

विषय: शाळेच्या बागेतील नव्या पाऊलवाटेची एक फरशी ईस्टरपूर्वी उचलण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) त्यावर आपण विचारलेले प्रश्न. ३) अर्जदाराचा दुसरा अर्ज. ४) त्यावरील आपला शेरा, "ईस्टरनंतर पाहू."

महोदय,

दोन अर्जांनी आपले समाधान न झाल्याने सदर अर्जदार हा तिसरा अर्ज सादर करीत आहे. आपल्या सूचनेनुसार या वेळी भावना वगळून मुद्देवार लिहिले आहे. जिथे त्या वगळता आल्या नाहीत, तिथे सांभाळून घ्यावे.

१. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, चर्चमध्ये आलेलुया हा देवाच्या स्तुतीचा शब्द म्हणत नाहीत, हे आपणास ठाऊक आहेच. आमच्या शाळेत सातवीचा वर्ग उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कापडावर भरलेला आलेलुया पत्र्याच्या डब्यात घालून बागेत पुरतो आणि ईस्टरच्या सकाळी, मिस्सेच्या प्रार्थनेआधी, उकरून वर काढतो. तो वर आला की मगच वर्ग तो गातो. अर्जदार स्वतः सातवीत होती तेव्हापासून ही रीत चालू आहे. यंदा वरच्या मातीत विज्ञानाच्या तासासाठी घेवडा पेरला आणि भूगोलाच्या तासाला जागेचा नकाशा काढला. म्हणजे एकाच खड्ड्यात वसंत ऋतूचे सगळे उपक्रम उरकले होते आणि अर्जदार स्वतःवर फार खूष होती.

२. उपवासकाळात प्रत्येकाने आपली एक आवडती गोष्ट सोडायची असते. एकाने गणित सोडले. ते त्यागात धरलेले नाही. बाकीचा वर्ग मात्र दिलेल्या शब्दाला इतका पक्का निघाला, की पुढे काय वाढून ठेवले आहे हे अर्जदाराला तेव्हाच कळायला हवे होते.

३. वर्ग कन्फेशनसाठी चर्चमध्ये रांगेत उभा असताना आपल्या आदेशाने बागेत, डबा पुरला होता त्या जागेवरून, फरशी बसवण्यात आली. ईस्टरच्या मिस्सेला बिशप महोदय येणार असून त्यांच्या बुटांना चिखल लागू नये, हा हेतू चांगलाच आहे. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींचाही दोष नाही. "बाई, मला वरचं माप दिलं होतं. खालचं कोणी बोललंच नाही," असे ते म्हणाले. मुले पापे सांगून हलकी होऊन परतली, तो बाग गुळगुळीत! घेवड्याच्या निरीक्षणाच्या रकान्यात वर्गाने तेव्हापासून "फरशी" असे लिहिले आहे.

४. आता आपले प्रश्न. सदर वस्तू शाळेच्या मालकीची आहे काय? अर्जदाराने मुख्याध्यापिका सिस्टरांना विचारले. त्यांनी छताकडे पाहिले आणि "आपल्या एकट्या शाळेची नाही," एवढेच सांगितले. वस्तू टिकाऊ आहे की नाशवंत? यावर वर्गात दोन तट पडले असून तास वाया गेला. शिवाय, बाब प्रतीकात्मक असल्याने नवीन आलेलुया छापून घ्यावा, शक्यतो धुता येईल असा, अशी आपली सूचना होती. अर्जदाराने ती वर्गापुढे ठेवली. आलेलुया डब्यात नसतो, मनात असतो, असे पदरचेही सांगून पाहिले. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "मग मिस, आपण पुरलं काय?" याचे उत्तर आपल्याकडे असल्यास उलट टपाली कळवावे.

५. ईस्टरच्या मिस्सेत गाणारा गायकवृंद म्हणजे हाच वर्ग, ही बाब आपल्या नजरेतून सुटलेली दिसते. उपवासकाळात सराव दरवर्षी "ला ला ला"वर होतो आणि खरा शब्द ईस्टरलाच तोंडात येतो. डबा वर आला नाही तर ईस्टरलाही "ला ला ला"च गाऊ, असे वर्गाने संगीताच्या सरांना अत्यंत अदबीने कळवले आहे. सरांनी तेव्हापासून पेटीचा आवाज वाढवण्याचा सराव सुरू केला आहे. बिशप महोदय स्वच्छ बुटांनी आत येऊन "ला ला ला" ऐकतील.

६. मोठा दगड लावून बंद केलेल्या आणि पहिल्या ईस्टरला रिकामी सापडलेल्या दुसऱ्या एका कबरीशी या प्रकरणाचा संबंध जोडण्याचा अर्जदाराचा मुळीच हेतू नाही. वर्गाने तो आपणहून जोडला. त्या गोष्टीत आपण, म्हणजे महोदय, कोणाच्या जागी, यावरही चर्चा झाली. मतदान अर्जदाराने वेळीच थांबवले.

७. आता जे वगळायला सांगितले होते ते.

यंदाच्या कापडावरची अक्षरे वर्गातल्या एका मुलीच्या आईने भरली होती. बाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. उशीला टेकून थोडे थोडे करीत त्यांनी काम पुरे केले. शेवटच्या अक्षराचे टाके सैल आहेत, कारण तोवर हात थकला होता. उपवासकाळाच्या मध्यावर त्या गेल्या. मुलगी परत शाळेत आली तेव्हा तिने फक्त एवढे विचारले, "मिस, ईस्टरला वर काढायचंच ना?" अर्जदाराने "हो" म्हटले. दुसरे काय म्हणणार? आणि मग फरशी बसली.

तेव्हापासून ती मुलगी मधल्या सुट्टीत नेमक्या त्या फरशीवर जाऊन उभी राहते. दुसऱ्या कोणाचा पाय तिथे पडू नये म्हणून उभी राहते. महोदय, अर्जदाराला हे पाहवत नाही.

८. हमीच्या मुदतीत फरशी हलवता येत नाही, हे आपले म्हणणे अर्जदाराने नीट वाचले आहे. अर्जदारानेही एक हमी दिलेली आहे आणि तिची मुदत रविवारी सकाळी संपते. उद्या दुपारनंतर आपले कार्यालय सुट्टीसाठी बंद होऊन थेट ईस्टर उलटल्यावर उघडेल. तरी एका फरशीपुरती परवानगी त्यापूर्वी द्यावी, ही कळकळीची विनंती.

दिलेल्या शब्दात अडकलेली,
आपली नम्र अर्जदार,
वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी

सोबत:

१) जागेचा नकाशा, प्रमाणासह. (भूगोलात सर्वांना पैकीच्या पैकी गुण दिले आहेत.)

२) फरशी पुन्हा होती तशी बसवून देण्याचे मिस्त्रींचे आश्वासन, तोंडी.

३) फरशी, एक नग. अर्जाची शुद्ध प्रत लिहून होईपर्यंत वर्गाने मिस्त्रींकडून पहार मागून आणली होती. अर्जदाराने अडवले नाही. खरे तर एक कोपरा अर्जदारानेच धरला होता. मागची माती पुसलेली नाही. डबा सापडला. उघडून बघू या का, असे अर्जदाराने घाईघाईने विचारले, तेव्हा त्या मुलीने त्यावर हाताने पुन्हा माती लोटली. "नको मिस," ती म्हणाली, "अजून ईस्टर कुठे झालाय?"