तापाच्या खणातली रेघ

आई, तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी तुलाच लिहितो आहे. कल्याणच्या कचेरीतली मयतांची वही अजून माझ्याकडेच असते. तू गेलीस तेव्हा तिच्यात मोजकेच खण होते: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि उरलेलं सगळं 'बाकीचे'. खोकून खोकून गेलेल्याला खणच नव्हता. घरचे म्हणायचे, "अंग तापलं होतं हो," की मी तापात रेघ ओढायचो.

आता नवा तक्ता आला, त्यात छातीच्या विकारांना वेगळा खण. वर्षाची बेरीज पाहून साहेब खूश. "ताप उतरला की! तापापायी तळ्याचा गाळ काढणं आता बंद करा." तळ्याकाठची माणसं अजून भर दुपारी हुडहुडी भरून गोधडीत शिरतात. आणि मला तू दिसलीस. चुलीपाशी बसून तुरीत मिसळलेली चणाडाळ निवडून वेगळ्या मडक्यात टाकते आहेस. शेजारीण हसते, "काय हो, तूर आटली वाटतं?" तू मान वर न करता म्हणतेस, "मडकं वाढलं गं बाई, दाणे तेवढेच."

तेच साहेबांना सांगितलं: खण वाढला, ताप तेवढाच. हेडकारकून खिदळले, "पुराव्याला मडकं आणलंत का?" साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "जुनी वही नव्या खणांत बसवून दाखवा. तोवर गाळ निघू दे."

मग दारोदार फिरलो. "खोकला होता का हो?" एक म्हातारी कडाडली, "तेव्हा विचारायला तोंड नव्हतं का रे, मेल्या?" खरंच होतं तिचं. घरोघरी विचारून एकेक रेघ हलवली, आणि शेवटी तुझं पान आलं. तुझा खोकला कुणाला विचारायला नको, तो मला अजून भिंतीपलीकडून ऐकू येतो. तेव्हाही ठाऊक होता. पण तुला 'बाकीचे'मध्ये टाकायला हात धजेना. ताटात पहिली भाकरी मला वाढणारी तू, तुला उरल्यासुरल्यात कसं लोटू? म्हणून ताप लिहिला.

आता तुझ्या हक्काचा खण आहे. लेखणी बुडवली, शाई वाळली, पुन्हा बुडवली. ती रेघ खोडायची म्हणजे तुला पुन्हा एकदा पोचवून यायचं. साऱ्या गावाच्या रेघा हलवल्या गं, तुझी नाही हलवली. खाली 'तपासून बरोबर' म्हणून सही केली. जुन्या बेरजेत ताप एकानं जास्त आहे. हे कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतो, तेही हा कागद कुठं पाठवायचा नाही म्हणून.